कुरुंद्याचा डावा पाय

"या शतकातला सर्वश्रेष्ठ डावा पाय कुरुंद्यात जन्मला आहे," असं रत्नपाल सरांनी शाळेच्या ओट्यावरून जाहीर केलं, तेव्हा तो पाय घोट्यापर्यंत शेणात होता. पायाचा मालक मुन्ना गोठा साफ करून तसाच आला होता. शतक संपायला महिनाच उरला होता, त्यामुळे सरांना चढाओढीची भीती नव्हती.

रत्नपाल सर ड्रिलचे मास्तर. एकोणीस वर्षं शिट्टी फुंकूनही त्यांचं एक पोरगं जिल्ह्याबाहेर खेळलं नव्हतं, आणि निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. अशात आखाडा बाळापूरच्या फुटबॉल सामन्यात त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या बावीस वर्षांच्या मुन्नानं अर्ध्या मैदानावरून डाव्या पायानं गोल मारला. गोलकीपर त्या वेळी एसटीत बसलेल्या मेव्हण्याला हात करत होता. हा तपशील सरांनी पेपरला पाठवलेल्या बातमीत जागेअभावी राहिला.

बातमी पुण्याला पोचली आणि तिथल्या एका व्यावसायिक क्लबचं पत्र आलं. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी निवडकर्ते हिंगोलीला येतील, मुलगा दाखवा. निवड झाली तर पगार आणि राहायला खोली. मुन्नानं पत्र चार वेळा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि जेवताना पुन्हा काढलं. पोराला जायचं होतं, हे त्याच्या आईनं, सोजराबाईनं, तेव्हाच ओळखलं.

हिंगोली जिल्हा होऊन सात महिने झाले होते. कलेक्टर आला होता, पाट्या बदलल्या होत्या, जिल्ह्यानं नाव घ्यावं असा माणूस तेवढा यायचा राहिला होता. सरपंच संतरामनं बैठक बोलावली.

"पायाला काही झालं म्हंजे?" संतरामनं विचारलं.

त्यावर गाव गंभीर झालं. पाय गावाचा आहे आणि गावानंच तो सांभाळायचा, असं एकमतानं ठरलं. मुन्ना मजुरीला जायचा त्या हळद शिजवायच्या कढईपाशी जायची त्याला बंदी झाली. सायकल बंद. विहिरीच्या पायऱ्या बंद. पोरगं उगाच हिंडू नये म्हणून सरांनी त्याच्या चपला शाळेच्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या.

"सर, बॉल तरी मारून बघतो रोज," मुन्ना म्हणाला.

"काहून? लग्नाआधी नवरदेव रोज घोड्यावर बसून बघतो व्हय?"

वेशीवर फलक लागला. जळबा पेंटरनं त्यावर माणसापेक्षा मोठा पाय काढला, पण नजरचुकीनं उजवा. बदलायला रंग उरला नव्हता. सरांनी खाली बारीक अक्षरात लिहून घेतलं: 'हा डावा समजावा.'

मग घरोघरची जेवणं सुरू झाली. "आज पाय आमच्याकडं हाय," असं बायका नळावर सांगू लागल्या. नर्मदाबाईनं तुपातले लाडू केले, म्हणून पद्माबाईनं तूप वाढवून केले. मुन्नाला खुर्चीत बसवून चौघं उचलून न्यायचे. पहिल्या महिन्यात चौघं पुरले. दुसऱ्यात सहा लागले.

एकदा शाळेचा ओटा चढताना मुन्ना दोनदा थांबला. ओट्याला तीन पायऱ्या होत्या. सरांनी ते पाहिलं. त्या रात्री जेवण काही गोड लागलं नाही. सकाळी उठून बॉल काढावा असंही त्यांच्या मनात आलं. पण फलक रंगून झाला होता, बँडवाल्याला सांगून झालं होतं, आणि पेपरात 'डावा पाय सज्ज' अशी दुसरी बातमीही गेली होती. सर कुशीवर वळले.

रविवारी मुन्ना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, बँडसकट, हिंगोलीच्या मैदानावर उतरला. बूट डाव्या पायात जाईना. संतरामनं टाच दाबली, सरांनी नाडी सोडली, तेव्हा कुठं पाय आत गेला.

शिट्टी वाजली. मुन्ना बारा पावलं पळाला आणि गुडघ्यावर हात ठेवून उभा राहिला. बॉल त्याच्याकडे आला. त्यानं डावा पाय उचलला, बँडवाल्यांनी श्वास रोखला. बॉल इतका सावकाश गेला की गोलकीपरनं तो कोंबडीखालचं अंडं उचलावं तसा उचलला.

"हा पळत का नाही?" निवडकर्त्यांनी विचारलं.

संतराम चकित झाला. "पळायचं बी व्हतं? पत्रात तसं लिवलेलं न्हाई साहेब. आमी तर तीन महिने चालूबी दिलं न्हाई."

"कढईपाशी व्हतं तवा दिवसभर पळत व्हतं माझं लेकरू," सोजराबाई सरांकडे बघत म्हणाली. "तुमी बसवलं त्याला."

सरांनी शिट्टीच्या दोरीला उगाच गाठ मारली.

निवडकर्ते भले होते. ते मुन्नाला बाजूला घेऊन म्हणाले, "पाय वाईट नाही. ऑगस्टमध्ये पुण्याला पुन्हा चाचणी आहे. बारा किलो उतरवून एकटा ये. बँड आणू नको."

ट्रॉली परत निघाली. बँडवाल्यानं ढोलावर डोकं टेकलं होतं. कुरुंद्याची वेस आली, फलकावरचा पाय दिसला आणि सरांना ते सहन झालं नाही. ते ट्रॉलीच्या फाळक्याला धरून उभे राहिले.

"गावकरी हो," ते म्हणाले, "ते शतक गेलं. जाऊ द्या. पण आता सहस्रक नवं आहे. या सहस्रकातला सर्वश्रेष्ठ डावा पाय..."

"सर," मुन्ना म्हणाला. तो अनवाणी पायानं ट्रॉलीतून खाली उतरला होता, कुणाच्या मदतीशिवाय. "कपाटाची किल्ली द्या. मला माझ्या चपला पाहिजेत."