उडवीवर

अठ्ठ्याऐंशी साली, दसरा होऊन गेल्यावर, द्रौपदी पहिल्यांदा भात कापायला गेली. तेव्हा तिनं चाळिशी ओलांडली होती. अंबरनाथला आईजवळ राहायची आणि उल्हासनगरच्या एका ऑफिसात टायपिस्ट होती. शेजारच्या टेबलावरची रखमा वांगणीची. तिच्या वडिलांची, शिवरामची, तिथे भातशेती होती.

"रविवारी ये गं," रखमा म्हणाली. "कापणी चाललीय. काकड्या खाऊ, जरा मोकळं वाटेल."

द्रौपदीची आई गयाबाई तरुणपणी कोकणात लोकांच्या शेतावर राबली होती. तिथे मजुरीचं भात तिच्या पदरात वरून टाकत आणि भाकरी लांब ठेवत. पोरीला हे करू द्यायचं नाही, असं तिनं गाव सोडतानाच ठरवलं होतं. आता ती एवढंच म्हणाली, "जा. पण विळ्याला हात लावू नको."

द्रौपदी थोडा वेळ बांधावर बसली. मग उठून तिनं रखमाकडे विळा मागितला. मूठ नीट धरता येईना. करंगळीला कापलं, तिनं चिंधी बांधली आणि पुन्हा वाकली. दुपारी पडवीत सगळ्यांच्या पंगतीत बसून तिनं भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली.

नंतर खळ्यावर आधीच्या वाळलेल्या भाऱ्यांची उडवी रचायची होती. वर उभं राहून भारे लावायला हलकं माणूस हवं होतं.

"मी चढते," द्रौपदी म्हणाली.

"साडीत?" शिवरामनं विचारलं.

तिनं कासोटा मारला. खालून भारे येत गेले, ती ते गोल लावून पायानं दाबत गेली. उडवी घराच्या पत्र्याएवढी उंच झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आता उतरायचं कसं.

"काका, शिडी द्या!"

"शिडी मोडलीय, बाई. घसरा खाली."

ती घसरली आणि पेंढ्यात जाऊन पडली. रखमा धावत आली. द्रौपदी हसत होती. ऑफिसात तिला एवढं हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

घरी गयाबाईनं तिच्या केसांतलं तूस काढलं, बोटावरची चिंधी बघितली.

"कापलंस?"

"कापलं."

"जेवलीस कुठं?"

"पडवीत. त्यांच्यातच."

"ताट कुणी घासलं?"

"रखमानं. मला हात लावू दिला नाही."

गयाबाईनं ती चिंधी सोडून धुतलेली बांधली. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी मी पण येते."

ती आली. शिवरामनं रीत म्हणून विळा पुढे केला. "नको," ती म्हणाली, "मी बसणार." सावलीत पाय पसरून तिनं मीठ लावून काकडी खाल्ली आणि दुसऱ्यांना कापताना निवांत बघत राहिली. कापताना लेकीची पात इतरांच्या मागे राहिली तेव्हा तिला हाकही मारली नाही.

उन्हं कलल्यावर शिवराम पाणी प्यायला तिच्याजवळ येऊन टेकला.

"कुठलं भात हे?" गयाबाईनं विचारलं.

"झिणी."

"आमच्याकडं पटणी असायची. लाल."

"पटणीची पेज चांगली होते म्हणतात."

"होते ना. पण पहिल्या उकळीला हलवायची नाही."

ती पेजेबद्दल सांगत राहिली. शिवराम विळा बाजूला ठेवून ऐकत बसला.