चारकोपच्या चौकातला विशाल

चौकातला पुतळा विशालसारखा नाही, धाकट्या सौरभसारखा दिसतो, हे सुलक्षणाबाईंनी अनावरणाच्या दिवशीच पाहिलं होतं आणि तोंडाला कुलूप लावलं होतं. मंत्री आले होते, बँड वाजत होता, अख्खं चारकोप 'विशाल अमर रहे' म्हणत होतं. तिथे आईने उठून कसं सांगायचं, की हा माझा मुलगा नव्हेच?

विशाल कारगिलच्या लढाईत गेला. शिल्पकाराला घरातला मोठा फोटो दिला, पण तो समोरून काढलेला. बाजूने चेहरा कळत नाही, घरातलं कुणी बसवा, असं तो म्हणाला. गिरणी बंद पडल्यापासून नवरा, लवू, कुणाही साहेबापुढे मान डोलवायचा; त्याने सौरभला बसवलं. एकोणीस वर्षांचं पोर आठ दिवस स्टुलावर बसलं. फोटोतल्या माणसापेक्षा स्टुलावरचा माणूस करायला सोपा. सौरभचं बसकं नाक, सौरभची हनुवटी, वर विशालची टोपी. फोटो मात्र परत आला नाही, आणि तेव्हा तळमजल्यावर राहत असताना उरलेल्या अल्बमचा २००५च्या पुरात लगदा झाला.

तेव्हापासून दर पंधरा ऑगस्टला सुलक्षणाबाई जिवंत मुलाच्या चेहऱ्याला हार घालत आल्या. घालताना मनात म्हणायच्या, "रवळनाथा, ह्यो हार थोरल्याचो हा. धाकट्याक सांभाळ." सौरभ कामावर जाताना त्या चौकाला वळसा घालून जायचा. त्याने लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "माझं सगळं झालंय गं आई." लवू गेला, आणि घरात हे दोघेच राहिले.

यंदा रस्त्याच्या खोदकामात पुतळ्याचं नाक उडालं. मंडळाचा धवल घरी आला. "आजी, नवीन पुतळा करतोय. फोटो आहे ना?"

फोटो नव्हता. पलटणीला पत्र घातलं तर तिथून नखाएवढा आला, त्यात टोपीखाली नुसता अंधार. पण सुलक्षणाबाईंना वाटलं, देवाने पंचवीस वर्षांनी का होईना, ऐकलं. मरायच्या आधी एकदा विशालला डोळे भरून बघायला मिळेल. त्या म्हणाल्या, "फोटो नाय, पण मी सांगतंय."

धवलने अबोली नावाच्या शिल्पकार मुलीला आणलं. तिने जेवणाच्या टेबलावर मातीचा गोळा ठेवला. सौरभ चपला घालायला लागला.

"मी खाली जातो. आई, माझा चेहरा तुझ्यासमोर नको. डोळे मिटून सांग."

त्यांनी डोळे मिटले. नाक असं, गाल थोडे आत, भुवई दाट. हाताने माती चाचपून सांगितलं. दोन दुपारी गेल्या. दुसऱ्या दिवशी अबोली खुशीत म्हणाली, "आजी, बघा आता. जुन्याशी अगदी जुळतोय."

टेबलावर एकोणीस वर्षांचा सौरभ होता.

"ह्यो नव्हे गो," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

"मग काय बदलू?"

त्यांनी आठवून पाहिलं. गोवरात तापलेला विशाल. दहावीचा निकाल घेऊन आलेला विशाल. शेवटच्या रजेनंतर ट्रंक रिक्षात ठेवून वळलेला विशाल. तो वळला, हसला, आणि चेहरा सौरभचा होता. प्रत्येक वेळी सौरभचाच. पंचवीस वर्षं त्यांनी स्वतःच्या हातांनी हार घालून घालून थोरल्याचा चेहरा पुसून टाकला होता.

सौरभ वर आला. दारातच थांबून मातीकडे बघत राहिला.

"सौरभ, तुका आठवता काय रे, कसो होतो तो?"

"मला पण हाच दिसतो आई. कधीपासूनच."

सुलक्षणाबाईंनी पदराने तोंड दाबलं. मग अबोलीला म्हणाल्या, "बरोबर हा. काय बदलू नको."

पंधरा ऑगस्टला नव्या पुतळ्याला त्यांनी हार घातला. ओठ हलले, पण रवळनाथाला काय सांगायचं ते सुचेना. हार थोरल्याचा, धाकट्याचा नव्हे, हे सांगायला त्यांच्याकडे आता दोन चेहरे राहिले नव्हते.