कुंपणाशी दान

मनोहररावांनी कप उचलला की चहा बशीत यायचा. पार्किन्सन्स. कांताबाईंना आता त्याचं नवल उरलं नव्हतं. नवल होतं ते माजी सैनिकांच्या सरकारी कचेरीचं. पन्नासेक वर्षांपूर्वी मनोहरराव नागपूरहून अमेरिकेत शिकायला आले, ग्रीनकार्ड मिळालं आणि पाठोपाठ सक्तीच्या भरतीचं पत्र. व्हिएतनामच्या लढाईत ते थायलंडमधल्या तळावर कारकून होते. शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून तळाच्या कुंपणालगत तणनाशक फवारत; त्याच विषानं पुढे हा आजार होतो. कुंपणाशी ड्यूटी होती हे दाखवा, मग आजार सैन्यातला मानू आणि माजी सैनिकांच्या शुश्रूषागृहात जागा देऊ, असं कचेरीचं म्हणणं. एकट्या कांताबाईंना आता त्यांना उचलणं होत नव्हतं.

पुरावा म्हणून एक फोटो होता. तरणे मनोहरराव कुंपणाच्या तारेतून भन्तेंच्या भिक्षापात्रात केळी ठेवताहेत. भन्तेंच्या बाजूला हिरवंगार, यांच्या बाजूला गवताची काडी नाही. दर पौर्णिमेला जायचे. बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या घरातला पोरगा. दान चुकलं तर आईला पत्रात काय लिहिणार?

२०१९ मधल्या व्हिडिओवरच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी लेक मैत्री शॉमबर्गला आई-बाबांच्या घरी आली आणि तिनं सोपा मार्ग काढला. "बाबा, जस्ट से गार्ड ड्यूटी. हू विल चेक?"

कांताबाईंच्या कमरेला ते पटलं होतं.

अधिकारी तरुण आणि अतिशय नम्र. आधी त्यानं देशसेवेबद्दल आभार मानले, मग विचारलं, कुंपणाशी कशासाठी जात होता?

"दान द्यायला," मनोहरराव म्हणाले.

मग ते खासगी काम झालं, असं त्यानं खेदानं सांगितलं. नियमात फक्त ड्यूटीवरचा फवारा बसतो.

"फवारा ड्यूटीचा तक्ता बघून उडत होता का?" कांताबाईंनी विचारलं.

हा प्रश्न फॉर्मवर नव्हता. अधिकाऱ्यानं आवाज खाली आणून सुचवलं, नीट आठवून बघा, कधीतरी पहारा केला असेल. बऱ्याच जणांना आठवतं.

मनोहरराव हसले. "म्हणजे मी खोटं बोललो तर माझा आजार खरा होणार?"

महिन्यानं अर्ज फेटाळल्याचं पत्र आलं. सुरुवातीला पुन्हा आभार होते. अपिलाला सव्वा वर्ष लागणार होतं. कांताबाईंनी फॉर्म पुढे ओढला. ड्यूटीच्या चौकोनाशी पेन थांबलं.

"अहो, काय लिहू?"

"मला उचलतेस तू. तूच ठरव."

त्यांनी ठळक अक्षरात 'दान' लिहिलं. मग मनोहररावांच्या काखेत हात घालून त्यांना खुर्चीतून उठवायला घेतलं. पहिल्या खेपेला जमलं नाही.