नोंदवलेला नंबर

चितेगावच्या औषधी गोळ्यांच्या कारखान्यात सोमवारी पॅकिंगच्या बायांनी डबे उघडले, तरी जेवणाकडं कुणाचं लक्ष नव्हतं. कंपनीच्या कॉम्प्युटरमधून कामगारांची माहिती चोरीला गेली होती. ज्याची माहिती गेली त्याला कळवावं असा कायदा आहे म्हणे, म्हणून शनिवारी कंपनीनं एकेकाला मेसेज धाडला होता. नाव, आधार, राहण्याचा पत्ता, शिफ्टची वेळ, जे जे गेलं ते सगळं त्यात जसंच्या तसं मांडलेलं. घर राखता आलं नाही, पण चोरीची यादी मात्र कंपनीनं मोत्यासारख्या अक्षरात केली होती.

रत्नमालानं आपला फोन तीनदा पाहिला. मेसेज नव्हता. आपलं काही गेलं नाही, असं तिनं धरलं आणि तिला इतकं हलकं वाटलं की तिनं आशाबाईच्या डब्यातला ठेचा मागून घेतला.

तिला तसं वाटायला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी, नवऱ्यानं, खंडेरावानं, तिचा हात दुसऱ्यांदा मोडला तेव्हा, ती आठ वर्षांच्या लेकीला, संस्कृतीला घेऊन पिशोरहून नेसत्या लुगड्यानिशी निघाली होती. इथं चितेगावात गिरणीमागं एक खोली, समोर पोरीची शाळा. हा पत्ता तिनं माहेरीसुद्धा सांगितला नव्हता. नवऱ्याला तो कळला नाही, एवढ्या एका गोष्टीवर तिची दोन वर्षं सुखाची गेली होती.

आशाबाई मात्र जेवता जेवता थांबली. "तुला कसा नाय आला? समद्यांला आलाय. गेटवरच्या मुंजाबालाबी आलाय."

रत्नमालानं डबा लावला. हात धुवून ती तडक ऑफिसात गेली.

तिथं कामगारांच्या नोंदी ठेवणाऱ्या अपेक्षा मॅडम होत्या, शहरातून येणाऱ्या, वयानं लहान, मनानं चांगल्या. त्यांनी कॉम्प्युटरवर पाहिलं आणि त्या हसून म्हणाल्या, तुम्हालाही गेलाय की मेसेज, आणि तुम्ही वाचलाय पण, ही बघा निळी खूण. रत्नमालानं नंबर विचारला. मॅडमनी वाचून दाखवला.

नंबर खंडेरावाचा होता.

लग्नानंतर वर्षभरात पिशोरच्या शाळेत आधारचा कॅम्प लागला होता. तेव्हा घरात फोन एकच, तोही नवऱ्याच्या खिशात. अर्ध्या गावातल्या बायांची आधारं अशीच नवऱ्यांच्या नंबराला बांधली गेली. इथं नोकरीला लागताना रत्नमालानं फॉर्मवर स्वतःचा नंबर लिहिला होता, पण कंपनीला आधारला जोडलेला नंबरच जास्त खरा वाटला. चोरांनी तो पत्ता कुठल्या मुलखात विकला असेल कोण जाणे. खंडेरावाच्या हातात मात्र तो कंपनीनं दिला, 'प्रिय रत्नमाला' असं वर लिहून.

आणि शनिवारपासून तो दोन दिवस त्याच्याकडं होता.

"संस्कृतीच्या बापाचा हाय तो नंबर. त्याच्यापासून लपून राहते मी," ती म्हणाली.

मॅडमचा चेहरा उतरला. चुकीची माहिती दुरुस्त करून मागायचा तुम्हाला हक्कच आहे, अर्जबिर्ज नंतर, आत्ताच बदलते, असं म्हणत त्यांनी घाईघाईनं दोन-तीन बटणं दाबली. मग त्यांचा हात थबकला. पडद्यावर ओळ आली होती, की नंबर बदलण्यासाठी जुन्या नंबरावर ओटीपी पाठवला आहे.

"कुठं पाठवला?" रत्नमालानं विचारलं.

मॅडमनी 'जुन्या नंबरावर' या शब्दांवर बोट ठेवलं. भीक नको पण कुत्रं आवर, म्हणतात ना, तसला हा हक्क निघाला.

मिनिटभरात टेबलावरचा फोन वाजला. गेटवरून मुंजाबा होता. मॅडमनी त्याचं ऐकून घेतलं. त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला.

"गेटवर एक जण आलेत. म्हणतात, बायकोचा ओटीपी माझ्याकडं आलाय, तो द्यायचाय. आत सोडू का, मुंजाबा विचारतोय." त्या अडखळल्या. "सोबत मुलगी आहे. शाळेच्या ड्रेसमध्ये."

शाळेनं पोरगी बापाच्या हवाली केली होती. का करणार नाही, बाप तो बापच. रत्नमालानं रिसीव्हर ओढून घेतला आणि अगदी हळू बोलली.

"मुंजाबाभाऊ, पोरीला पाणी प्यायला म्हणून आत बोलवा. एकटीला. ती आत आली की गेट लावा, आन् मग काय बी झालं तरी उघडू नका."

मुंजाबा जुना माणूस. त्यानं कारण विचारलं नाही, फोन तसाच चालू ठेवून गेला. इकडं मॅडमनी आपल्या मोबाइलवरून पोलिसांच्या एकशेबारा नंबरला फोन लावला आणि कंपनीचं नाव सांगू लागल्या. रत्नमाला रिसीव्हर कानात रुतवून उभी होती. लांबून मुंजाबाची हाक ऐकू आली. मग गेट सरकल्याचा आवाज, कडी पडल्याचा, आणि बाहेरून पत्र्यावर बसलेला जोराचा दणका.

नंतर फोनवर संस्कृती आली. ती रडत नव्हती, रागावलेली होती.

"आई, पप्पांनी मोबाइल दाखवला मला. त्यात तुझंच नाव हाय. आपला पत्ता तू का दिला त्यांना?"