तारांकित प्रश्न आणि शिरगुंडीचं उत्तर

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी शिरगुंडीच्या अंगणवाडीत मुलांची वजनं होत. त्या मंगळवारीही दाराशी चपलांचा ढीग पडला होता. वैजयंती एकेका बाळाला टांगत्या काट्याच्या झोळीत ठेवी आणि काटा थरथरायचा थांबेपर्यंत स्वतःचा श्वास धरून उभी राही. ही तिची जुनी खोड. आरोही, तिची चार वर्षांची लेक, झोपली तरी ती तिच्या नाकाशी बोट धरून बघायची.

गुरम्मा आपल्या नातीला घेऊन आली तेव्हा वैजयंतीने तिच्याकडे न बघताच झोळी पुढे केली.

"तीन किलो नऊशे."

"चार म्हैन्यांची हाय की वो बाई. एवडंच?"

"दूध कसलं देता?"

"शेळीचं. पाणी घालून."

"पाणी घालू नका म्हटलं होतं ना, गुरम्माक्का?"

"मग पुरवू कसं? आईचं असतं तर..." गुरम्माने नातीला खांद्यावर घेतलं. मग पदर खोचत, बाजारहाटाची गोष्ट सांगावी तसं म्हणाली, "आता सोय लावलीया. दत्तजयंतीच्या आदी शरणीला देतोय. हिच्या बापालाच. भनीचं लेकरू, आपलं म्हणून सांभाळंल."

बसलेल्या बायकांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाली, "ब्येस केलं. परक्यात कुटं शोदायचं?"

शरणम्मा म्हणजे गुरम्माची धाकटी लेक, घरात शरणी. वय चौदा. आठवीत. वैजयंतीच्या हातातली पेन्सिल वजनाच्या रकान्यावर टेकलेली तशीच राहिली.

तेवढ्यात मोबाइल वाजला. तालुक्यातल्या सेविकांच्या गटावर पर्यवेक्षिका अमिना शेख मॅडमचा निरोप होता. वर ठळक अक्षरात "विधानसभा तारांकित प्रश्न, अत्यंत तातडीचे". नागपूरला अधिवेशन सुरू होतं. कुणा आमदाराने प्रश्न लावला होता, खात्याने तो जिल्ह्याला पाठवला होता, जिल्ह्याने तालुक्याला, आणि तालुक्याने तो सेविकांच्या ओटीत टाकला होता.

(१) सीमेवरील गावांत बालविवाह होत असून त्यातून अल्पवयीन मातांचे मृत्यू झाले, हे खरे आहे काय?
(२) असल्यास, बालविवाह रोखण्याच्या जनजागृतीवर शासनाने किती खर्च केला?
(३) दोषींवर कोणती कार्यवाही केली?
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय?

खाली मॅडमची सूचना होती. माहिती विहित नमुन्यात, चारच्या आत, असं प्रकरण नसल्यास निरंक लिहून सहीसह फोटो टाकावा. त्याखाली एकामागून एक उत्तरं येऊ लागली. निरंक. निरंक मॅडम. आमचंही निरंक. गावागावांत आधीच ठरलेलं असावं, तसं.

वैजयंतीने पहिला प्रश्न तीनदा वाचला. चार महिन्यांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. गावाने नाही, दवाखान्याने नाही, नवऱ्यानेही नाही. आणि आज, ज्याचं तोंड ती कधी बघणार नाही अशा एका सभागृहातून कुणीतरी नेमकं तेच विचारत होतं.

*

ते असं झालं होतं. गुरम्माची थोरली, भुवनेश्वरी, अंगणवाडीतल्या किशोरींच्या बैठकीला यायची. नववीत होती. गणितात हुशार, हसायला लागली की थांबायची नाही. तिला आईच्या धाकट्या भावाला देण्याचं तिच्या जन्मापासून ठरलेलं. त्या कर्नाटक सीमेच्या भागात मामाला भाची देतात, घरातली लेक घरात राहते म्हणतात. गेल्या वर्षी वैशाखात गावाला साखरपुड्याचं आमंत्रण होतं. लोक जेवायला गेले आणि अक्षता टाकून आले. फोटो काढायचा नाही, हे सगळ्यांना न सांगता ठाऊक होतं. अंगणवाडीच्या भिंतीवर बालविवाह रोखा असं लिहिलेला सरकारी फलक होता. शासनाचा शिरगुंडीतला सगळा खर्च तो एवढाच.

कायद्याने वैजयंतीने ग्रामसेवकाला कळवायला हवं होतं. पण ती नातेपुत्याकडची लेक, या गावात लग्न होऊन आलेली. सासू-सासरे नाहीत. नवरा जोतिराम चिंचोळी एमआयडीसीत कामाला, तिथेच खोली करून राहणारा, रविवारचा पाहुणा. तिने अक्षता हातात धरल्या आणि टाकल्या नाहीत. तेवढाच तिचा विरोध.

पोर गरोदर राहिली तेव्हा गुरम्मा पाया पडायला आली. "बाई, वय वीस लिवा. अठराच्या आतली म्हटली की दवाखान्यातनं पोलिसाला फोन जातो. माजा भाऊ आत जाईल. मग मी पोरीला दवाखान्यात न्हेत न्हाई बगा, घरीच काय ते."

वैजयंतीने विचार केला. खरं लिहिलं तर पोर दवाखाना बघणार नाही. खोटं लिहिलं तर निदान तपासणी होईल. तिने वीस लिहिलं. नर्सबाईंनी तिच्याच नोंदीवरून कार्ड भरलं. कोवळ्या वयाच्या आईच्या कार्डावर जी लाल खूण पडते, ती भुवनेश्वरीच्या कार्डावर पडली नाही. पाय सुजले तेव्हा सगळे म्हणाले, पहिलटकरीण आहे, सुजायचेच. आठव्या महिन्यात, सकाळी भाकरी थापताना तिला झटके आले. गाडीत वैजयंती शेजारी होती. सोलापूर येईपर्यंत तिने पोरीचा हात सोडला नाही. बाळ वाचलं. आई वाचली नाही.

मृत्यूच्या नोंदीतही वय वीसच लागलं.

*

मुलं घरी गेल्यावर तिने मॅडमना फोन लावला.

"मॅडम, आमच्याकडं एक आहे."

"एक काय?"

"प्रश्नातलं."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज झाला. मग अमिना मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, रजिस्टरला वय काय लिहिलंय तुम्ही?"

"वीस."

"मग झालं की. निरंक."

"ती वीसची नव्हती, मॅडम."

"हे तुम्ही बोलला नाहीत आणि मी ऐकलं नाही." मग त्या म्हणाल्या, "या अल्ला! अहो, लेक केवढी आहे तुमची? खरं लिहिलंत तर पहिली मान तुमची सापडेल. मेलेली पोर काही परत येणार आहे का?"

"धाकटीला देतायत. त्याच माणसाला."

"चारच्या आत पाठवा," एवढंच म्हणून मॅडमनी फोन ठेवला. काय पाठवा, ते सांगितलं नाही.

जोतिरामला जेवणाच्या सुट्टीत गाठलं. मागे यंत्रांची घरघर होती.

"माजं गाव हाय ते, वैजू. मी हितं, तू तितं एकटी. उद्या पानी बी भरू देनार न्हाईत."

"अहो, वीस मी लिहिलं होतं."

"म्हणूनच म्हणतो, गप बस की."

"शरणीला देणार आहेत."

तो म्हणाला, "भोंगा झाला. ठेवतो."

तिने फोन पदराला पुसला. आरोही डाळ-भाताच्या ताटलीशी बसून तिच्याकडे बघत होती. "आई, तू रडतीस व्हय?" "नाही गं, कांदा चिरला." घरात कांदा नव्हता.

*

फॉर्म भरण्याआधी ती गुरम्माच्या घरी गेली. पाठीमागून करायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं. गुरम्मा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. शरणी बाळाला कडेवर घेऊन चुलीपुढे उभी होती. बाळ तिच्या मानाने मोठं नव्हतं, तीच बाळाच्या मानाने लहान होती.

"गुरम्माक्का, वरनं विचारणा आलीय. मी भुवनाचं खरं वय लिहून देणार आहे."

गुरम्माच्या हातातल्या शेंगा सुपात पडल्या. "म्हंजे? माज्या भावाला आत घालनार? लेकराची आई गेली, आता बाप बी न्या!"

"शरणीचं लग्न थांबवा."

"मग लेकरू कोन बगनार, तुमी? तवा माज्यासंगं बसून वीस कुनी लिवलं? मी पाया पडले, पन हात तुमचा व्हता न्हवं?"

"व्हय. माझाच होता. ते पण लिहिणार आहे."

गुरम्मा काही बोलणार तोच चुलीपाशी आवाज झाला. शरणी. तिने आईकडे बघितलं नाही.

"अक्का, झटके आले तवा भुवनाला लई दुकलं का?"

"ए, आत हो," गुरम्मा ओरडली.

"आई सांगती, तिला कायबी कळलं न्हाई, झोपेत गेली. तुमी गाडीत व्हता. तुमी सांगा."

वैजयंतीला ठरलेली सगळी उत्तरं माहीत होती. कुणाला काय सांगितलं म्हणजे तो गप्प बसतो, हे तिला सहा वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. ती चुलीपाशी गेली.

"शेवटी शेवटी कळत नव्हतं तिला. पण त्याआधी दुखलं. लई दुखलं. माझा हात दाबून धरला होता तिने, आणि घरी चला म्हणत होती."

शरणीने बाळ खाली उतरवलं. आईच्या पुढ्यात, शेंगांच्या ढिगाशेजारी, गोधडीवर ठेवलं आणि आत जाऊन दाराची कडी लावली. आतून म्हणाली, "मी न्हाई करनार."

गुरम्मा दारावर थापा मारत राहिली. मग थापा थांबल्या, आणि ती उंबऱ्याशी बसून थोरल्या लेकीच्या नावाने पहिल्यांदाच मोकळी रडली. वैजयंतीने बाळाला उचलून तिच्या मांडीवर दिलं. गुरम्माने बाळ घेतलं, पण वर बघितलं नाही. म्हणाली, "जावा तुमी. परत माज्या दारात येऊ नगा."

*

फोटो टाकला की खोडता येतो, हे वैजयंतीला ठाऊक होतं. आरोहीला मदतनीस भिमाबाईपाशी सोडून ती दोनच्या एसटीने तालुक्याला गेली. कार्यालयातला लिपिक बेरजेचा कागद छापून बसला होता.

"ताई, तालुका पूर्ण झाला. सगळीकडं निरंक. तुमचंच राहिलंय, ते मी निरंक धरलंय."

"एक आहे. लिहा."

त्याने नमुना वाचला. चष्मा काढून परत वाचला. "अहो, दोषीच्या रकान्यात तुमचंच नाव की!"

"विचारलंय ना, दोषी कोण. नवरा, मुलीची आई, आणि वय खोटं लिहिणारी सेविका. ग्रामसेवकाला न कळवणारी पण तीच."

"एवढं हरिश्चंद्र होऊन काय मिळणार हो तुम्हाला?"

"कागद पोचल्याचा आवक क्रमांक मिळेल का?" ती म्हणाली. "दुसऱ्या कागदावर पुढचं लग्न लिहिलंय. तारीख आहे. त्याचाही द्या."

त्याने आतल्या केबिनकडे बघितलं. आत अमिना मॅडम बसल्या होत्या. त्या उठून बाहेर आल्या, कागद वाचला, आणि लिपिकाच्या हातातला शिक्का घेऊन स्वतःच्या हाताने दोन्ही कागदांवर उमटवला. त्यांचे डोळे लाल झाले होते.

लग्न झालं नाही. पोलीस आले, बाल कल्याण समितीची माणसं आली, अठराच्या आत शरणीचं लग्न करणार नाही असं गुरम्माने लिहून दिलं. तिच्या भावाला घेऊन गेले. गाव त्यानंतर वैजयंतीशी भांडलं नाही. भांडलं असतं तर बरं झालं असतं. नळावर ती पोचली की बायका मराठीतलं बोलणं सोडून कानडीत बोलू लागत. तिला कानडी कळायची, हे त्यांना माहीत होतं, तरीही. वजनाच्या मंगळवारी दाराशी पाच-सहाच चपला असत. गुरम्माच्या नातीचं वजन भिमाबाई घरी जाऊन करून येई आणि आकडा सांगताना पाठ फिरवून उभी राही. चार किलो सहाशे. पाच किलो शंभर.

त्याआधीच, अधिवेशन संपता संपता, सभागृहातलं उत्तर मॅडमनी मोबाइलवर पाठवलं. हे अंशतः खरे आहे. एक प्रकरण निदर्शनास आले. संबंधित अंगणवाडी सेविकेस कारणे दाखवा नोटीस बजावण्यात आली आहे. विलंबाचा प्रश्न उद्भवत नाही.

मागोमाग फोन आला. "वाचलंत?"

"हो."

"निरंक लिहिलेल्या एकीलाही नोटीस नाही, ताई," अमिना मॅडम म्हणाल्या. "माझ्या हाताखाली चाळीस गावं आहेत. चाळीस. मला काय माहीत नाही का..."

वैजयंतीने त्यांना बोलू दिलं. पलीकडे एक बाई पहिल्यांदाच मोजत होती, हे तिला ऐकू येत होतं.

नोटिशीला मुदत वाढवून मागितली आहे, उत्तर अजून द्यायचं आहे. जोतिराम रविवारी येतो, शेजारी बसतो, हे गाव सोडू म्हणतो आणि सोमवारी कामावर जातो. पण रोज सकाळी साडेनऊला शरणी शाळेला निघते. वाट वैजयंतीच्या दारावरूनच जाते. आरोहीची वेणी घालता घालता वैजयंती उंबऱ्यात येऊन उभी राहते. शरणी मान खाली घालते, रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जाते. बोलत नाही. मामा तुरुंगात आहे, आई जेवत नाही, गावात तोंड दाखवायला जागा नाही, आणि हे सगळं कुणामुळे, ते तिला घरात रोज सांगितलं जातं.

आज तरी वळून बघेल, असं वाटून वैजयंती वळणापर्यंत नजर सोडत नाही. शरणी बघत नाही. न बघेना का. शाळेच्या घंटेच्या आत पोचली म्हणजे झालं.