लोथारची परीक्षा, रेणूची कॉपी

रेणूने आयुष्यात परीक्षेत कधी कॉपी केली नव्हती. पुण्यात जर्मन शिकली तेव्हासुद्धा नाही. ती वेळ आली सत्तराव्या वर्षी, अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या एका दवाखान्यात, आणि तीही नवऱ्यापायी.

नवरा म्हणजे लोथार. एके काळी कोलोनच्या रंगमंचावर हा माणूस नुसता येऊन उभा राहिला तरी लोक खुर्चीतून घसरायचे. टीव्हीवर दर शनिवारी त्याने अख्ख्या जर्मनीला हसवलं. पुढे मुलगा अक्षत इथे स्थिरावला, म्हातारपणी त्याच्याजवळ असावं म्हणून दोघं आली, आणि इथे लोथारला कुत्रंही विचारेना. इंग्रजी जेमतेम. विनोद सांगायचा तो, इंग्रजीत करायची रेणू, आणि फसलेला विनोद मधल्या मध्ये दुरुस्त करायची तीसुद्धा रेणूच.

गेल्या वर्षापासून तो विसरायला लागला. दोनदा पोलिसांनी घरी आणून सोडलं. अक्षतने अशा माणसांसाठीचं एक होम बघून ठेवलं. "आई, मेमरी टेस्टमध्ये फेल झाले तर बाबांना तिथे मूव्ह करायचं. तू एकटी मॅनेज नाही करू शकत," म्हणाला. रेणूला ते पटेना. चाळीस वर्षांचा संसार काय असा नेऊन पोचवायचा? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत तिने दवाखान्याने देऊ केलेला दुभाषी नाकारला.

डॉक्टरबाईंनी महिना विचारला. लोथार म्हणाला, नाटकं बंद असतात तो. रेणूने बिनदिक्कत सांगितलं, जानेवारी. गाव विचारलं. तो म्हणाला, सामान उतरवलंय ते. हिने त्याचं ॲन आर्बर केलं. मग तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, तसा स्वारीने कोट सारखा केला आणि जुनंच प्रहसन सुरू केलं, सरकारी खिडकीशी उभं राहून कारकुनाचीच उलटतपासणी घेणाऱ्या माणसाचं. शब्द कोणाचे, परवानगी कोणाची, पावती कुठाय? रेणू भराभर इंग्रजीत करत गेली, आणि मधेच ते तीन शब्दही त्याच्या नावावर घुसडून दिले. डॉक्टरबाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. रेणूही हसली. मेल्याचं टायमिंग अजून तस्संच होतं.

शेवटी त्यांनी विचारलं, आज तुमच्याबरोबर कोण आलंय?

लोथारने रेणूकडे नीट पाहिलं. मग हळूच म्हणाला, "बाई चांगल्या आहेत. पण मला आता घरी सोडायला सांगा. बायको वाट बघत असेल."

डॉक्टरबाई पेन धरून थांबल्या होत्या.

"माझी बायको आलीय, असं म्हणतायत," रेणूने सांगितलं.

झालं, गंगेत घोडं न्हालं. लोथार पास, सहा महिन्यांनी परत या. अक्षतला फोन करून तसं कळवलं. खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण गाडी चालवताना रेणूला रडू आवरेना. शेजारी लोथार अंग चोरून बसला होता. त्याने दोनदा तिचे आभार मानले.

घरापाशी बर्फ साचलं होतं. हाताला धरून तिने त्याला पायऱ्या चढवल्या, कुलूप काढलं. तो आत गेला आणि दारातच वळला.

"फार उपकार झाले," म्हणाला. "पण आत बोलवता येणार नाही. तिला परकं माणूस चालत नाही."

त्याने दार लावलं आणि आतून साखळी घातली. रेणू थंडीत तशीच उभी राहिली. किती वेळाने कोण जाणे, तिने बेल वाजवली.

आतून त्याचा आवाज आला, अगदी लाडातला.

"रेणू, बघ गं, दारात कोण आलंय."