मोरपिशी गाडी

"मास्तर, कशाला जिवाला त्रास? माझ्याकडे टाका, दोन दिवसांत नवाकोरा रंग मारून देतो," गॅरेजवाला दारातूनच म्हणाला.

"नवा मारायचा असता तर आणली असती तुझ्याकडे. तू एवढंच सांग, हा जुना रंग वर येईल का?"

बॉनेटवर ओणवे झालेले पंपमास्तर मान वर करायलाही तयार नव्हते. पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. बंद पडलेला पंप त्यांच्या शिव्या ऐकूनच सुरू होतो, अशी गल्लीत वदंता होती. पण गाडीपुढे त्यांची मात्रा चालेना. ही गोलमटोल गाडी घेताना दुकानदार पांढरी गळ्यात मारत होता आणि बायको मोरपिशीवर अडून बसली होती. शेवटी बायकोचंच खरं झालं. आता उन्हाने त्या मोरपिशीची रया गेली होती. ओला बोळा फिरवलेल्या फळ्यासारखा पांढुरका थर तेवढा उरला होता.

आणि खरी पंचाईत पुढेच होती. मोतीबिंदूने बायकोची नजर अधू होत गेली. ऑपरेशनचं नाव काढलं की ती विषय बदलायची. मग कधीतरी विचारायची, "गाडी चमकते ना हो अजून?" मास्तर म्हणायचे, "आरशासारखी!" एक थाप मारली, की तिला सांभाळायला दुसरी लागते. तसं करत वर्षं गेली. आता मुलीने आईला कसंबसं राजी केलं होतं. पट्टी सुटली की मास्तरांचं पितळ उघडं पडणार होतं. बायको रागावेल याची त्यांना भीती नव्हती. इतकी वर्षं ती त्यांच्या डोळ्यांनी जग पाहत आली होती. एवढं एक खोटं निघालं, तर बाकीच्यावर तरी ती कशी विश्वास ठेवणार? या विचाराने त्यांची झोप उडाली होती.

गॅरेजवाल्याने पत्र्यावरून बोट फिरवून पाहिलं. "येईल वर. पण जुना रंग आहे, वर त्याला जपणारा पारदर्शक लेप नाही. घासाल तेवढा कमी होणार. तेलकट पॉलिश चोपडून रात्रभर मुरू द्या, मग हलक्या हाताने पुसा. कडांवर जपून, नाहीतर खालचं अस्तर दिसेल."

दुसऱ्या दिवशी फडकं फिरवलं आणि मास्तरांचा चेहरा पडला. फडकं मोरपिशी झालं होतं.

"अगं, रंगच निघून चाललाय सगळा!"

"बाबा, तो वरचा मेलेला रंग. खाली बघा ना," मुलगी म्हणाली.

खाली बशीएवढा तुकडा असा काही झळकत होता, की मास्तर चक्क नाचले. आतून हाक आली, "अहो, वास कसला येतोय?"

"ग्रीसचा गं! पंप आलाय एक!"

"वा! आणखी एक थाप," मुलगी पुटपुटली. "गाडीचं जमेल बाबा. पण तुमचे केस काळेभोर आहेत म्हणून सांगितलंय, त्यांना कुठलं पॉलिश लावणार?"

मास्तर रोज एकेक भाग उजळत गेले. शेवटी बॉनेटच्या मधली धार राहिली. आनंदाच्या भरात त्यांनी तिथे जोर लावला, आणि नखाएवढं करडं अस्तर वर आलं. त्यांनी फडकं खाली ठेवलं. थोडा रंग लावून डाग झाकावा, असं मनात आलं. घरात पडून असलेली रंगाची डबी उघडली, बराच वेळ हातात धरली आणि पुन्हा बंद केली. आता बायकोपासून काही झाकायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

दवाखान्यात पट्टी सुटली. तिने आधी नवऱ्याकडेच निरखून पाहिलं.

"केस पांढरे झाले की हो!"

"आजच सकाळी झाले."

ती खळखळून हसली. डॉक्टरही हसले. बाहेर गाडीपाशी आल्यावर मास्तरांना राहवेना.

"अगं, एक सांगायचंय. इतकी वर्षं ही चमकत नव्हती. मी आपलं..."

"माहीत होतं मला."

"माहीत होतं?"

"दाराला हात टेकला की तळहाताला भुकटी लागायची. घरी आले की आधी हात धुवायचे मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही 'आरशासारखी' म्हणायचात ना, तेव्हा आवाज असा खुलायचा तुमचा! मला त्यातच दिसायची गाडी. उगाच कशाला ती घालवायची?"

मास्तरांनी बॉनेटवरच्या करड्या डागाकडे बोट दाखवलं. "इथं मी जास्त घासलं."

"असू दे."

तिने डोळे मिटले आणि बॉनेटपासून मागच्या दारापर्यंत सावकाश हात फिरवला. मग डोळे उघडून तळहात समोर धरला. तो स्वच्छ होता. त्यावर सुरकुत्यांचं जाळं पसरलं होतं, आणि ते ती पहिल्यांदाच पाहत होती. रस्त्यावरून लोक जात-येत होते. मास्तर दार उघडून, तिचं पाहून होईपर्यंत उभे राहिले.